बोस्टनला पोचलेला पॅट्रिक केनेडी आणि त्याच्यामागे संसार ओढणारी ब्रिजेट

शेवंती (धागाकर्ती)

बोस्टनच्या लोगन विमानतळावर उतरलेला माणूस खरं तर ईस्ट बोस्टनमध्ये उतरतो. आपली मंडळी तिथून थेट बोगद्यातून शहराकडे निघून जातात, त्यामुळे विमानतळाला लागून असलेली ही जुनी वस्ती सहसा पाहायची राहून जाते. आज तिथे एल साल्वादोर, कोलंबियाकडची कुटुंबं जास्त आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हीच वस्ती आयर्लंडच्या दुष्काळातून बाहेर पडलेल्यांनी भरली होती. त्यातल्या एका जोडप्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पॅट्रिक केनेडी आणि ब्रिजेट मर्फी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे पणजोबा-पणजी.

पॅट्रिक वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउनचा. न्यू रॉस हे बंदराचं गाव तिथून काही मैलांवर, बॅरो नदीच्या काठी. घरची पंचविसेक एकर शेती, पण मालकीची नाही, खंडाने कसायची. पॅट्रिक तिसरा मुलगा. त्या काळच्या आयर्लंडमध्ये याचा अर्थ सरळ होता: जमीन थोरल्या भावांकडे जाणार, धाकट्याने हाताला दुसरं काम शोधायचं. ते त्याने शोधलं. न्यू रॉसमध्ये चेरी बंधूंची बिअर बनवायची भट्टी होती, तिथे पॅट्रिक बॅरन नावाच्या मित्राच्या हाताखाली तो लाकडी पिंपं बांधायला शिकला.

या कामाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढे बोस्टनमध्ये हाच हुन्नर त्याच्या कामी आला. पिंपाला खिळा नाही, सरस नाही. ओकच्या फळ्या तासायच्या त्या मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि कडा अशा तिरक्या की शेजारच्या फळीला घट्ट भिडतील. एका कडीत त्या उभ्या लावायच्या, आत छोटा जाळ करायचा, लाकूड तापून नरम झालं की वाकवत वाकवत दुसऱ्या टोकालाही कडी ठोकायची. मग आतल्या बाजूने, काठापासून जरा खाली, गोल खाच कोरायची आणि तीत तळाचा व तोंडाचा पाट बसवायचा. आतला ऐवज झिरपला की फळ्या फुगतात आणि पिंप स्वतःच बंद होतं. कडेचा कोन केसभर चुकला तरी पिंप गळतं. मापपट्टीपेक्षा नजरेवर चालणारं काम.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. तो आणणारी बुरशीसारखी जीवजात आज फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या नावाने ओळखली जाते, आणि आपल्याकडे बटाटा-टोमॅटो लावणाऱ्याला उशिरा येणारा करपा म्हणून ती चांगलीच माहीत आहे. आयर्लंडमधले गरीब लोक जवळजवळ पूर्णपणे 'लंपर' नावाच्या एकाच वाणावर जगत होते. १८४६ चं पीक जवळपास सगळंच गेलं. १८४७ ला आयरिश लोक आजही 'काळं सत्तेचाळीस' म्हणतात. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली. साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात धान्य आणि जनावरं जहाजांत भरून इंग्लंडला जात होती, कारण ती विकूनच खंड भरायचा होता.

बॅरन आधीच बोस्टनला गेला होता. त्याच्यामागून पॅट्रिक निघाला, १८४९ च्या एप्रिलमध्ये बोस्टनला उतरला आणि ईस्ट बोस्टनमध्ये पिंपं बांधायच्या कामाला लागला. त्या वेळी तिथल्या गोद्यांमध्ये जगातली सगळ्यात वेगवान शिडाची जहाजं बांधली जात होती. प्रत्येक जहाजाला पाण्याची, खारवलेल्या मांसाची, दारूची पिंपं लागत. काम भरपूर, दिवस बारा-बारा तासांचे. सप्टेंबरमध्ये त्याने ब्रिजेट मर्फीशी लग्न केलं. तीही वेक्सफर्डचीच.

मेरी, जोआना, जॉन, मार्गारेट अशी मुलं झाली. जॉन तान्हेपणीच गेला. १८५८ च्या जानेवारीत पॅट्रिक जोसेफ जन्मला. आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला बाप गेला. बहुतेक चरित्रांत कारण कॉलरा दिलंय. अमेरिकेत त्याला दहा वर्षंही मिळाली नाहीत. (बरोबर १०५ वर्षांनी, २२ नोव्हेंबरलाच, डॅलसमध्ये त्याच्या पणतूवर गोळ्या झाडल्या गेल्या.)

ब्रिजेटच्या पदरात चार मुलं, थोरली सात वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. पुढचं सगळं तिने केलं. लोकांच्या घरी कामं केली, दुकानात नोकरी केली, पैसे साठवून बॉर्डर स्ट्रीटवर सुई-दोरा, किरकोळ सामानाचं एक छोटं दुकान घेतलं, मग त्यात किराणा आणि दारूही ठेवू लागली. केनेडी घराण्याची गोष्ट सांगताना लोक पॅट्रिकपासून सुरुवात करतात आणि थेट नातवा-पणतवावर येतात. माझ्या मते मधली ती तीस वर्षं हीच खरी गोष्ट आहे.

---

दर्यावर्दी

ताई, सुंदर लिहिलंय. प्रवासाबद्दल थोडी भर घालतो. दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त वॉटरफर्डला होतो तेव्हा न्यू रॉसच्या धक्क्यावर 'डनब्रॉडी' पाहायला गेलो होतो. मूळ जहाज १८४५ चं, कॅनडात बांधलेलं, न्यू रॉसच्या ग्रेव्ह्ज नावाच्या व्यापाऱ्याचं. आता आहे ती हुबेहूब तशी बांधलेली प्रतिकृती.

खाली उतरलं की पहिली गोष्ट जाणवते ती छताची उंची. वाकूनच चालावं लागतं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे दोन मजली माचे. सहा फूट बाय सहा फुटांच्या एका माच्यावर चार मोठी माणसं, मुलं वेगळी. कायद्याने प्रत्येकाला दिवसाला साधारण साडेतीन लिटर पाणी मिळायचं, त्यातच पिणं, रांधणं, धुणं. आठवड्याला तीन किलोच्या आसपास पीठ किंवा बिस्किटं. चूल वरच्या डेकवर, समुद्र खवळला की ती विझवायची आणि झाकणं बंद. मग खाली अंधार, ओकाऱ्या, आणि एकाला ताप आला की माचाभर पसरणार.

पण याच डनब्रॉडीने १८४७ मध्ये ३१३ माणसं क्विबेकला नेली आणि त्यातली सहाच दगावली. कप्तान आणि मालक नीट असले तर हेही शक्य होतं, म्हणून बाकीच्या जहाजांबद्दल जास्त राग येतो. त्याच वर्षी क्विबेकजवळच्या ग्रॉस ईल या क्वारंटाइन बेटावर पाच हजारांहून जास्त आयरिश माणसं पुरली गेली.

पॅट्रिक कुठल्या जहाजाने गेला?

---

शेवंती

@दर्यावर्दी, धन्यवाद, छताचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. न्यू रॉसहून आधी लिव्हरपूल आणि तिथून 'वॉशिंग्टन आयर्व्हिंग' या जहाजाने बोस्टन, असं सांगितलं जातं. बहुतेकांचा रस्ता लिव्हरपूलवरूनच होता. १८४७ या एका वर्षात तीन लाखांच्या आसपास आयरिश माणसं लिव्हरपूलला उतरली. ज्यांच्याकडे पुढच्या तिकिटाला पैसे नव्हते ती तिथल्या तळघरांतच राहिली.

---

निवडुंग

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडतो. पॅट्रिक केनेडी 'दुष्काळातून पळालेला' होता का? पंचवीस एकर कसणारं घर, हातात कारागिरी, ओळखीचा माणूस आधीच बोस्टनला. वेक्सफर्डला कॉनॉट किंवा पश्चिम कॉर्कच्या मानाने झळही कमी लागली. मेयो, स्किबरीनमध्ये माणसं रस्त्याच्या कडेला मरत होती, त्यांचा यात उल्लेखही येत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या पणजोबाची गोष्ट सांगायची म्हणून तिला उपासमारीची किनार दिली जाते, असं मला वाटतं.

---

शेवंती

@निवडुंग, मुद्दा अगदी रास्त आहे आणि मूळ लेखात यायला हवा होता. उपाशी मरणाऱ्यांपैकी तो नव्हता, हे खरं. मला तर वाटतं दुष्काळातून बाहेर पडण्याच्या गोष्टीचा गाभा तोच आहे.

हिशोब करून पाहा. बोस्टनचं तिकीट साधारण तीन ते पाच पौंड. सरकारी दुष्काळी कामांवर, रस्ते फोडायला, दिवसाची मजुरी आठ पेन्स धरा. एका पौंडात २४० पेन्स. म्हणजे चार पौंडांच्या तिकिटाला १२० दिवसांची मजुरी, आणि तीही घरात कुणी एक घास खाल्ला नाही तर. मक्याच्या पिठाचे भाव तेव्हा असे चढले होते की या मजुरीत कुटुंबाचं पोट भरत नव्हतं. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून जास्त माणसं अशा कामांवर होती. त्यातला कितीसा जण जहाजावर चढू शकला असेल?

ज्यांना अगदीच परवडत नव्हतं ते क्विबेकला जात. लाकूड घेऊन इंग्लंडला आलेली जहाजं परत जाताना रिकामी असत, त्यांत माणसं स्वस्तात कोंबत. अमेरिकेने १८४७ मध्ये प्रवासी जहाजांचे नियम कडक केले, भाडी वाढली, त्यामुळे सगळ्यात गरीब, सगळ्यात आजारी माणसं कॅनडाच्या वाटेला गेली. ग्रॉस ईलचे आकडे त्यातून आलेत. आणि त्याहूनही गरीब होते ते कुठेच गेले नाहीत. मेले. त्यांची नावं कुठल्याही प्रवासी यादीत नाहीत.

तरी पॅट्रिकला मी दुष्काळाचाच निर्वासित म्हणेन. त्याच्यासारखी कारागीर, शेतकऱ्याची मुलं एरवी गावाजवळच संसार मांडून राहिली असती. १८४८ नंतर तिथे राहून काही होईल यावरचा विश्वासच उडाला होता. चार वर्षांत तीनदा पीक बुडालेलं, खंड थकलेला, शेजारची घरं पाडली जातायत. पोट भरलेलं असलं तरी माणूस हे पाहत असतो.

---

निवडुंग

पटलं. तिकिटाचा हिशोब मूळ लेखातही टाका.

---

माणदेशी

मक्याचा उल्लेख आला म्हणून विचारतो. इंग्लंडच्या सरकारने अमेरिकेहून मका आणला होता ना? तो लोकांना पचत नव्हता असं वाचलंय.

आमच्याकडे बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या मिलो जोंधळ्याबद्दल आजी अजून बोलते. तोही अमेरिकेचाच, तांबडा. भाकरी थापली की चिरायची, तव्यावर तुकडे व्हायचे. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती उचलायची, खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, आणि रात्री ती मिलोची भाकरी. आजी म्हणते, तोंडात फिरायची पण खाली उतरायची नाही. पण तीच खाऊन आम्ही जगलो, हेही तीच म्हणते.

---

शेवंती

@माणदेशी, आजीला नमस्कार सांगा. हो, पंतप्रधान पील यांनी १८४५ च्या शेवटी अमेरिकेतून मका मागवला. तो आयर्लंडमध्ये कुणाला माहीत नव्हता. दाणे टणक, दोनदा दळावे लागायचे, आणि तेवढ्या गिरण्याही नव्हत्या. अर्धवट शिजवून खाल्लं की पोट बिघडायचं. पिवळ्या रंगामुळे लोकांनी त्याला 'पीलचं गंधक' नाव दिलं. तरीही पहिल्या वर्षी मृत्यू कमी झाले त्यात त्या मक्याचा वाटा होता. पुढच्या सरकारने व्यापारात हात घालायचा नाही असं ठरवलं आणि परिस्थिती हाताबाहेर गेली.

---

पेठकर

हाताबाहेर गेली, की जाऊ दिली? लंडनच्या खजिन्यातून मदतीची सूत्रं हलवणारा माणूस चार्ल्स ट्रेव्हेल्यन. कंपनी सरकारच्या नोकरीत दिल्लीत घडलेला, मेकॉलेचा मेहुणा, पुढे मद्रासचा गव्हर्नर. फुकट अन्न दिलं तर लोक आळशी होतील, बाजाराला धक्का लागता कामा नये, हे त्याचं धोरण. १८४७ च्या उन्हाळ्यात सूप वाटायची केंद्रं उघडली तेव्हा रोज तीस लाख माणसं जेवत होती. म्हणजे सरकारला जमत होतं! सप्टेंबरात ती बंद केली. वर पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला मदत नाही असा कायदा. म्हणजे पोटाला हवं असेल तर आधी जमीन सोड.

हे सगळं आपल्या इतिहासात पुन्हा भेटतं. १८७६ चा दख्खनचा दुष्काळ. रिचर्ड टेंपलने १८७४ मध्ये बिहारला ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून माणसं वाचवली होती, आणि खर्च फार केला म्हणून बोलणी खाल्ली. मग १८७७ मध्ये त्याच टेंपलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी मजुरी ठरवली. कामावरच्या लोकांनी मुंबई इलाख्यात काम सोडून निषेध केला. पुण्यात सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींनी, गावोगावची माहिती जमवून सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. आयर्लंड आणि दख्खन या दोन्ही ठिकाणी हीच शाळा शिकलेले अधिकारी होते, हे विसरून चालणार नाही.

---

कवडसा

पेठकर काका, प्रतिसाद जपून ठेवला आहे. आयर्लंडसाठी हिंदुस्थानातूनही मदत गेली होती ना?

---

पेठकर

हो. कलकत्त्याहून सुमारे चौदा हजार पौंड गेले, अगदी सुरुवातीच्या मदतींपैकी ती एक. त्यात कंपनीच्या फौजेतल्या आयरिश शिपायांचा वाटा होता आणि हिंदी लोकांचाही. मुंबईतही वर्गणी जमली होती. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी पाठवलेले डॉलर तर आयरिश लोक आजही विसरलेले नाहीत. त्यांना स्वतःच्या भूमीवरून हाकलून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. कॉर्कजवळच्या मिडलटनमध्ये त्याची आठवण म्हणून पोलादी पिसांचं शिल्प उभं आहे.

---

दर्यावर्दी

आणि खुद्द बोस्टनने १८४७ च्या मार्चमध्ये 'जेम्सटाउन' ही युद्धनौका तोफा काढून, ८०० टन धान्य भरून कॉर्कला पाठवली. पंधरा दिवसांत पोचली. तेच बोस्टन पुढे दारात आलेल्या आयरिशांना कामाला ठेवत नव्हतं.

---

शेवंती

@दर्यावर्दी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. १८४७ मध्ये सव्वा लाखाच्या आतल्या शहरात सदतीस हजारांच्या आसपास आयरिश उतरले. बंदरातल्या डिअर आयलंडवर तापाच्या रुग्णांसाठी इस्पितळ उघडलं, तिथे शेकडो गेले. १८५४ मध्ये तर परदेशी आणि कॅथलिकविरोधी 'नो नथिंग' पक्षाने मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ जवळपास संपूर्ण जिंकलं. मार्गारेट १८५५ ची, म्हणजे पॅट्रिक-ब्रिजेटची पोरं त्या वातावरणात जन्मली.

---

अबोली

ब्रिजेटबद्दल आणखी लिही ना. चार मुलं, नवरा नाही, भाषा येत असली तरी शहर परकं, शिवाय लोकांची नजर अशी. मुलांना सांभाळलं कोणी? माझी आजी तिशीत विधवा झाली आणि गिरणीत चौकटीवर कामाला जायची, त्यामुळे हा प्रश्न मला पडतोच.

---

शेवंती

@अबोली, ब्रिजेटने स्वतः लिहिलेलं काही हाती नाही, त्यामुळे तिच्या आयुष्यातून जे दिसतं तेवढंच सांगते.

मोठ्या मुलींनी धाकट्यांना सांभाळलं. मुली हाताशी आल्यावर त्याही कामाला लागल्या. धाकटा पी. जे. चौदाच्या सुमारास शाळा सोडून धक्क्यावर हमालीला गेला. तोपर्यंत बॉर्डर स्ट्रीटचं दुकान चालू होतं. धक्क्यावरून येणारा-जाणारा तिथे थांबायचा. मला वाटतं पी. जे.चं राजकारण त्याच गल्ल्यामागे घडलं. कोणाच्या घरी कोळसा नाही, कोणाला काम हवंय, कोणाचं पत्र वाचून द्यायचंय, हे सगळं दुकानात कळतं. त्याने पैसे साठवून, आई-बहिणींच्या मदतीने, हेमार्केट चौकात दारूचा गुत्ता घेतला. मग १८८० च्या दशकात विधिमंडळात निवडून गेला. पुढे बँक काढली. तो मोठमोठ्याने भाषणं करणारा नव्हता, लोकांची कामं करून मतं मिळवणारा होता. हा स्वभाव दुकानात वाढलेल्या मुलाचा आहे.

ब्रिजेटने पुन्हा लग्न केलं नाही. १८८८ च्या सप्टेंबरात पी. जे.ला मुलगा झाला, जोसेफ. डिसेंबरात ब्रिजेट गेली. तिच्या मांडीवर खेळलेलं ते तीन महिन्यांचं पोर १९३८ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून लंडनला गेलं.

---

अबोली

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. नातवाला पाहून गेली, एवढं वाचून बरं वाटलं.

---

शोधयात्री

आयरिश लोकांना आपले पूर्वज शोधणं आपल्यापेक्षा सोपं जातं, असं मला वाटायचं. पण पॅट्रिकचं जन्मवर्षही वेगवेगळं दिलेलं दिसतं. असं का?

शिवाय आमच्या रत्नागिरीकडची काही घराणी गिरमिटावर (कराराच्या मजुरीवर) मॉरिशसला गेली. तिकडच्या शाखेशी संपर्क तुटलाय. कोणी कागदपत्रं शोधली आहेत का?

---

शेवंती

@शोधयात्री, १९२२ च्या जूनअखेर, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळून गेला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. त्यामुळे लोक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जमिनीच्या खंडाची ग्रिफिथची नोंद, आणि अमेरिकेतल्या प्रवासी याद्या एकमेकांशी ताडून पाहतात. यादीत वय अंदाजे, नावाचं स्पेलिंग कारकून ऐकेल तसं. 'पॅट्रिक केनेडी' तर वेक्सफर्डात कितीतरी.

डंगन्सटाउनचं नशीब असं की शेत केनेडींकडेच राहिलं. पॅट्रिकच्या भावाची नात मेरी रायन तिथे राहत होती. १९४७ मध्ये तरुण जॉन केनेडी गाडी घेऊन विचारत विचारत तिच्या दारात आला. १९६३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून पुन्हा आला, अंगणात चहा घेतला. न्यू रॉसच्या धक्क्यावर भाषणात त्याने तिथल्या खताच्या कारखान्याचं नाव घेऊन सांगितलं, पणजोबा गेला नसता तर मी आज तिथे कामाला असतो.

---

दर्यावर्दी

@शोधयात्री, मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचं दप्तर आहे. प्रत्येकाला क्रमांक दिलेला असायचा. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, अंगावरच्या खुणा अशी नोंद असते, नंतरच्या काळातल्यांचे फोटोही. मराठी माणसं मुख्यतः मुंबईहून चढली. पॅट्रिकपेक्षा त्यांची गोष्ट वेगळी एवढ्यासाठी की पॅट्रिक स्वतःचं तिकीट काढून गेला आणि उतरल्या दिवशी मोकळा होता. आपली माणसं मळ्याशी वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेली उतरली.

गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत फार बिघडलेलं असतं, तेव्हा आसपासच्या गावांची यादी जवळ ठेवा. साधारण कोणत्या वर्षी गेले ते घरात कोणाला माहीत आहे का?

---

शोधयात्री

खापरपणजोबांचे धाकटे भाऊ, एवढंच कळलंय. आत्याकडे जुनी वही आहे, त्यात नावं आहेत म्हणतात. पुढच्या महिन्यात लांज्याला जातोय, वहीचे फोटो काढून इथेच टाकतो. त्यातलं मोडी वाचायला कोणी मदत करेल का?

---

पेठकर

मोडी मी वाचून देतो. फोटो उजेडात काढा, पानाच्या कडा दिसू देत.